हाकणारा मागे बसतो

अण्णा,

लाखीचं काय झालं ते सांगणार आहे, पण शेवटी. आधी सांगितलं तर पुढचं तू ऐकणार नाहीस. घोडीचा विषय संपला की तुझं लक्ष संपायचं.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं सेक्रेटरी तेराव्याच्या दिवशीच सांगून गेले. जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे सगळं त्यांना हवं आहे. ते मी वेगळ्या कागदावर देईन; तारखा माझ्याकडून चुकणार नाहीत. पण 'व्यवसाय' या शब्दापुढे 'जटका हाकणे' असं लिहिलं आणि पेन थांबलं. कचेरीतल्या सवयीनं ते खोडून 'जटका चालवणे' असं करायला गेलो, तर तू खांद्यावरून वाचतो आहेस असं वाटलं.

"परत तेच, तम्मा?"

आता मला तम्मा म्हणणारं कुणी उरलं नाही. ऑफिसात मी राव, घरी मी बाबा, वैनींचा भावजी. धाकटा भाऊ म्हणून माझी जी जागा होती ती तुझ्याबरोबर गेली, हे मला तुला पोचवून घरी आल्यावर, पाय धुताना कळलं.

तर तो वाद. तो माझ्या लग्नापासूनचा. पुण्याची मंडळी पहिल्यांदा बंगलोरला आली, तू त्यांना स्टेशनवरून जटक्यातून, त्यांच्या भाषेत टांग्यातून, चामराजपेठेत घरी आणलंस. जेवणं झाली. माझे मेहुणे कौतुकानं म्हणाले, "अण्णा, तुमचे वडील लवकर गेले, तरी भावाला एवढं शिकवलंत."

तू पान लावत होतास. मान वर न करता म्हणालास, "शिकवलं मास्तरांनी. मॅट्रिकपर्यंत हाकत आणलं मी."

मेहुणे हसले. "अहो, आमच्याकडे ढोरं हाकतात. माणसांना वाढवतात."

"आमच्याकडे पण ढोरंच हाकतात," तू म्हणालास. "हा मधेच कसा आला ते विचारा यालाच."

सगळे हसले. दाराआड माझी नवी बायकोसुद्धा. पाहुणे गेल्यावर मी तुला गाठून विचारलं, की मी काय बैल आहे का?

"बैल कसा असशील? बैलाला वाट कळते."

तेव्हापासून तो शब्द मी सोडला नाही आणि तूही सोडला नाहीस. मला शब्द नेमका लागतो. ज्या शब्दाचा अर्थ वाटेल तसा पसरतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मी तुला म्हणायचो, की संसाराचा गाडा हाकतात, कारभार हाकतात, कट्ट्यावर बसून गप्पा हाकतात, पानावरच्या माश्याही हाकतात. इतक्या ठिकाणी वापरायचा शब्द म्हणजे सगळ्यांच्या मापाचा सदरा. तो कुणालाच नीट बसत नाही.

तू खरारा करता करता ऐकायचास. एकदा म्हणालास, "माशी उडवलीस की तू तिच्याबरोबर जातोस का?"

"नाही."

"मग ते हाकलणं. हाकललेलं कुठं जातं त्याची आपल्याला फिकीर नसते. हाकलं की मागोमाग आपल्यालाही जावं लागतं. घोडी जिथं पोचते तिथंच आपण पोचतो."

"आणि ढकलणं?"

"पाय नसलेल्याला ढकलायचं. दगडाला, कपाटाला."

"ओढणं?"

"ओढणारा पुढे असतो. मागं कोण पडलं, कोण धापा टाकतंय, त्याला दिसत नाही. हाकणारा मागे बसतो, तम्मा. त्याला सगळं दिसतं." मग लाखीच्या मानेवर थाप मारून, "काय गं? सरी ना? बरोबर ना?"

ती कान हलवायची आणि तू माझ्याकडे असं बघायचास, जणू कोर्टानं निकाल दिला.

आपले पूर्वज घोड्यांवर बसून या मुलखात आले, असं मंडळात दर वर्षी भाषणात सांगतात. ते ऐकून तू शेजारच्याला कोपर मारायचास. "ते घोड्यावर बसले, आपण घोड्याच्या मागे. घोड्याला काय फरक पडला, विचारा जरा." चाबूक तुझ्याजवळ होता, पण त्याची वादी लाखीला कधी लागलेली मी बघितली नाही. गर्दीत शिरलास की चाबकाची दांडी तू फिरत्या चाकाच्या आऱ्यांना लावायचास. कडकड आवाज व्हायचा, माणसं बाजूला व्हायची. मार्केटच्या स्टँडवरचे सगळेच जटकेवाले तसं करायचे, पण त्यांतल्या बऱ्याच जणांचा चाबूक दुसऱ्या कामालाही यायचा.

लाखीला तू बोलून हाकायचास. जिभेचा टक्कन आवाज, मग "चल गं माय, लोक वाट बघतायत." दर वेळी तेच. रिकामा जटका घेऊन घरी येतानाही तेच. कोण लोक वाट बघतायत, असं मी विचारलं तर म्हणालास, "तिला काय ठाऊक? कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की पाय उचलतो. तुझा नाही उचलत?"

माझा उचलत होता, अण्णा. ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू विचारलंस.

आप्पा गेले त्या वर्षी मी शाळेला जाईनासा झालो होतो. निघायचो, पण कोपऱ्यावरच्या चिंचेपाशी थांबायचो, आणि शाळा सुटायच्या वेळेला घरी यायचो. कुणी सांगितलं तुला कोण जाणे. तू रागावला नाहीस, विचारलंही नाहीस. दुसऱ्या सकाळी मी निघालो तर मागून टापांचा आवाज. वळून बघितलं, तू जटक्यात बसलेला, नजर दुसरीकडे, कुणाच्या तरी गच्चीवरचं वाळवण बघितल्यासारखी. तेव्हाची घोडी लाखीच्या आधीची, पांढरी. मी थांबलो की टापा थांबायच्या. मी चाललो की मागून तेच 'चल गं माय', आणि टापा चालायच्या. एकदाही 'बस' म्हणाला नाहीस. मला राग यायचा, रिकामा जटका मागे आणि मी पायी! शाळेच्या फाटकात शिरलो की तू घोडी वळवून मार्केटकडे जायचास. किती दिवस असं चाललं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस मागे बघितलं तर कुणी नव्हतं, आणि मी फाटकापर्यंत आलो होतो.

यालाच तू मॅट्रिकपर्यंत हाकत आणणं म्हणत होतास. मी ते पुण्याच्या पाहुण्यांपुढे झालेला अपमान म्हणून धरून बसलो. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे मला फार आधी कळलं होतं. तुला सांगायचं मात्र राहिलं. वाद चालू असताना समोरच्याचं बरोबर आहे असं म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही.

चढाचं तर विसरता येत नाही. बुल टेंपल रोडचा चढ लागला की तू उडी मारून खाली उतरायचास आणि दांड्यावर हात ठेवून लाखीच्या बरोबरीनं चालायचास. आप्पांची रीत होती ती. बायका आणि मुलं बसून राहिली तर चालायचं. पुरुषांना तू उतरवायचास. त्या जाडजूड वकिलांना म्हणालास, "स्वामी, स्वल्प उतरा, चढ आहे."

"मी भाडं बसायचं ठरवलंय की चालायचं?"

"बसायचंच की स्वामी. चढ संपला की बसा."

वकील उतरले. पुढे ते तुझेच गिऱ्हाईक झाले, आणि चढ यायच्या आधीच धोतराचा सोगा सावरून तयार राहायचे. कडलेकाईच्या, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांच्या, जत्रेत एकदा त्यांनीच लाखीला शेंगा चारल्या आणि तुला म्हणाले, "हिच्यामुळे माझं पोट कमी झालं." तुला त्या वाक्याचा इतका अभिमान होता, की माझ्या बढतीचा तेवढा नव्हता.

मग रिक्षा आल्या. आधी एखादी, मग मार्केटच्या स्टँडवर जटक्यांपेक्षा त्याच जास्त. मी तुझ्यापुढे कागद ठेवला, दोन रकाने. एकीकडे घोडी दिवसाला किती फेऱ्या करते, दुसरीकडे रिक्षा किती. तू कागद नीट वाचलास, अगदी बेरीजसुद्धा तपासलीस. "बरोबर आहे," म्हणालास. "यात लाखी म्हातारी होते ते कुठं लिहिलंय?"

तरी गेलास शिकायला. इथल्या शिवाजीनगरच्या एका वर्कशॉपात ओळख काढून रिक्षा शिकलास, हे मी तुझ्या नावावर जमा धरतो. हात बसल्यावर एका रविवारी मला घेऊन निघालास. मी मागे एकटा, कोट घालून, पहिला पॅसेंजर. गांधी बझारपर्यंत झकास गेलो. मग चढाच्या पायथ्याला तू रिक्षा थांबवलीस आणि खाली उतरलास.

"काय झालं?"

"चढ आहे."

"अरे, हिला पेट्रोल ओढतंय!"

"तरी पण. वजन ते वजनच की." आणि मग, खरंच सांगतो, तू माझ्याकडे बघून म्हणालास, "तू पण उतर, तम्मा."

मी उतरलो! आपण दोघं रस्त्यात उभे, रिक्षा मधे फटफटत. समोरच्या दुकानदारानं विचारलं, "पंक्चर का, अण्णा?" तेव्हा तुझ्या लक्षात आलं. आपण इतके हसलो, की तुला बसून चालवता येईना. वर चढतानाही तू सीटवरून अर्धा उठलेला होतास, तिला हलकं वाटावं म्हणून. आणि जिभेचा टक्कन आवाज.

काही महिन्यांनी तू रिक्षा सोडलीस. मी चिडलो. कारण विचारलं.

"तिला ऐकू येत नाही," म्हणालास.

एवढंच. मी म्हटलं, हे कारण नाही. तू म्हणालास, मग काय आहे ते तू लिही तुझ्या कागदावर. पुन्हा जटका जोडलास, शाळेच्या मुलींना नेऊ-आणू लागलास, आणि स्टँडवर उरलेल्या दोन-चार जटक्यांत तुझा एक राहिला. मला अजूनही वाटतं, की रिक्षा ठेवायला हवी होतीस. हे मी आत्ताही लिहितो, कारण तू गेलास म्हणून तुझं सगळं बरोबर झालं असं म्हणणं मला जमणार नाही.

आणि तुझ्या व्याख्येत एक खोट होती, ती मी तुला दाखवली होती. चालायचंच नाही असं ठरवलेल्याला कसं हाकायचं? तू म्हणालास, "थांबायचं. पाणी दाखवायचं. परत हाक द्यायची." खोकला वाढला तेव्हा मी तेच केलं, अण्णा. तुझ्या मागे उभा राहून हाका देत राहिलो, की डॉक्टरांकडे चल, उद्या चल, निदान तुझ्या मुली माहेरी आल्या आहेत तोवर चल. तू "सरी, सरी" म्हणायचास आणि तबेल्यात जायचास. मी ओढायला हवं होतं की काय, हे मला कळत नाही. तुझ्या रीतीनं वागलो, आणि तुझ्यावरच ती लागू पडली नाही. हा वाद अर्धा राहिला. याचं उत्तर तुझ्याकडेच असणार, आणि तू ते घेऊन गेलास.

शेवटच्या दिवसांत तू एकच गोष्ट मागितलीस. अंगात बसायची ताकद नव्हती, तरी मला जवळ बोलावून म्हणालास, "लाखीला बाजारात उभी करू नको. हाकणारा बघून दे. मारणारा नको. ओढणारा पण नको."

"तू बरा होशील, मग तूच हाक."

"ते बघू. आधी सांग, बघशील?"

"बघतो," मी म्हणालो. ऑफिसात आलेल्या माणसाला म्हणतो तसं. त्या शब्दात मला जे घालायचं होतं ते घालता आलं नाही. तू मात्र डोळे मिटून मान हलवलीस, जणू सगळं पोचलं.

आता लाखीचं सांगतो.

तू गेल्यावर तिचं खाणं कमी झालं. वैनी स्वतः कुळीथ शिजवून घालायच्या, तिच्याशी बोलायच्या, पण ती तबेल्याबाहेर येईना. मुली आपापल्या घरी गेल्या. वैनींच्यानं घोडी सांभाळणं होणार नव्हतं, आणि मला तर तिच्या जवळ उभं राहायचीही भीती, हे तुला ठाऊक आहे. पहिलं गिऱ्हाईक आलं. त्यानं दात बघितले, खूर बघितले, सगळं नीट बघितलं. मग चाल बघायची म्हणून पाठीवर चाबूक ओढला. लाखी एका जागी थरथरली. वैनी ओसरीवरून म्हणाल्या, "भावजी." बस, एवढंच. मी त्या माणसाला नमस्कार केला आणि फाटक उघडून दिलं.

दुसरे आले मुनियप्पा. व्हाइटफील्डकडे त्यांचा मळा आहे, पेरू आणि भाजी. मळ्यापासून स्टेशनपर्यंत टोपल्या न्यायला हलकी गाडी ओढणारं जनावर त्यांना हवं होतं. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पटली तर जटक्यासकट न्यायची, असं ठरलं. दोघांनी मिळून लाखीला बाहेर आणून जटक्याला जोडली. इतकं झालं, पण पुढे पाऊल टाकेना. मुनियप्पा कन्नडमध्ये बोलले, तेलुगूत बोलले, मानेवर हात फिरवला, मग वर बसून लगाम धरला. ती खांबासारखी उभी. गल्लीत माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "दोन द्या तिला." मुनियप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. बसल्या जागेवरून मला विचारलं, "यजमान काय म्हणून बोलवायचे हिला?"

मी सांगितलं.

"सांगून काय उपयोग, सर? मारा की हाक."

मी ऑफिसला निघालेला, कोट घातलेला. लोक बघत होते. मी जटक्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "चल, लाखी." कान हलला नाही. परत म्हणालो. काही नाही. तो माझाच आवाज होता, कचेरीतला.

मग मी डोळे मिटले आणि चिंचेपाशी गेलो. तिथून तू जसा ऐकू यायचास तसा काढला आवाज. जिभेचा टक्कन आवाज, आणि मग तुझ्यासारखा 'माय'वर खाली ओढून, "चल गं माय, लोक वाट बघतायत."

लाखीचे दोन्ही कान मागे वळले.

आणि आतून ताट पडल्याचा आवाज आला. वैनी धावत दारात आल्या, हाताला पीठ, पदर खांद्यावरून घसरलेला. त्यांनी जटक्याकडे बघितलं, मुनियप्पांकडे, मग माझ्याकडे. कुणाला शोधत होत्या ते गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात लाखीनं पहिलं पाऊल टाकलं.

मी मागोमाग चालत गेलो. ऑफिस राहिलं. गल्ली संपेपर्यंत मी हाक देत राहिलो, मग मुनियप्पा माझं ऐकून तसंच म्हणू लागले. त्यांच्या तोंडी 'वाट' नीट बसेना, पण 'माय' बसलं, तेही खाली ओढून. मार्केट ओलांडलं. कंटोन्मेंटकडे जाताना एक चढ लागतो, तिथं मी मुद्दाम गप्प राहिलो. सांगायचं नाही असं ठरवलं होतं. जर हा माणूस बसूनच वर गेला असता, तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. वचन तर तुला दिलेलं.

चढ सुरू झाला. मुनियप्पांनी लगाम सैल सोडला, टॉवेल घट्ट केला, आणि खाली उतरले. दांड्यावर हात ठेवून तिच्या बरोबरीनं चालू लागले. मला म्हणाले, "तुम्ही जा, सर. उशीर होईल." मी तिथंच थांबलो. टापा दूर जाताना अशा थांबून पहिल्यांदाच ऐकल्या. शाळेच्या वाटेवर त्या माझ्या मागेच असायच्या.

घरी आलो तेव्हा वैनी ओसरीवर बसल्या होत्या. तबेल्याचं दार त्यांनी लावून घेतलं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"चढावर उतरला का?"

"उतरला."

"मग सरी." पदरानं हात पुसले, उगाचच, कधीच कोरडे झालेले. खाली बघत म्हणाल्या, "भावजी, ते एकदा परत म्हणून दाखवाल?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. समोर घोडी नसताना तो येत नाही, अण्णा. खूप प्रयत्न केला. वैनी थांबल्या, मग "राहू दे," म्हणून आत गेल्या.

सेक्रेटरींच्या कागदावर मी 'जटका हाकणे' असंच ठेवलं आहे. खोडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो. कोपऱ्यावर, जिथं चिंच होती, तिथं पाय आपोआप थांबला. मागे वळून बघितलं नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिलो आणि चालायला लागलो.